चरे

त्या अनोळखी माणसाने मोटारसायकलच्या चाकाला बुटाने लाथ मारली. जोरात नव्हे; बाजारात कलिंगड ठोकून बघतात तशी. "हवा पार गेलीय," असं म्हणून त्याने आणखी एक मारली. ती शेडच्या पत्र्याच्या दारात कोट गळ्यापर्यंत ओढून उभी होती, आणि ती दुसरी लाथ तिला कुठे लागली कोण जाणे, पण लागली. "लाथ मारू नका," ती म्हणाली. माणूस टाकीवरची धूळ बोटाने पुसून बघत होता. "अहो, भंगारच आहे. तुमच्या मुलाने फोटो पाठवला, त्यात जरा बरी दिसत होती. उद्या टेम्पो घेऊन येतो." "विकायची नाही." "पण तुमचा मुलगा तर—" "गाडी त्याची नाही." तेव्हा तो हसला. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना लोक मान वाकडी करून हसतात, तसा. "मग काय, तुम्ही चालवणार?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो. मीच चालवणार." बोलल्यावर तीच चरकली. वय एकोणसाठ. उभ्या जन्मात सायकलीच्या पलीकडे कशाचं हँडल हातात धरलेलं नाही. मोटारसायकलवर बसली होती, नाही असं नाही. बत्तीस वर्षं बसली होती, पण मागे, नवऱ्याच्या मानेवरच्या केसांकडे बघत. त्याला जाऊन पाच वर्षं झाली, आणि तेव्हापासून गाडी या शेडमध्ये जुन्या चादरीखाली उभी होती. माणूस खांदे उडवून निघून गेला. ती तिथेच उभी राहिली आणि तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिली.

घरात येऊन कोट काढते न काढते तोच मुलाचा फोन. "अगं आई, काय हे? तो बिचारा दोन तास प्रवास करून आला होता." तिने विचारलं, मला न विचारता फोटो कुणी पाठवला? "तुझ्याच सोयीसाठी ना! थंडी संपली की घराचा भाडेकरार संपतोय. मालकांच्या ऑफिसात मी सांगून ठेवलंय." "काय सांगून ठेवलंयस?" "हेच की तू पुढे राहणार नाहीस, आमच्याकडे येणार. ठरलं होतं ना आपलं?" ठरलं होतं! काय ठरलं होतं, तर शरद ऋतूत ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, भुवईवर चार टाके पडले, आणि मुलाने तिच्या पलंगाशी बसून, तिचा हात हातात घेऊन, अगदी मायेने सांगितलं होतं की आता एकटीने राहणं पुरे. ती गप्प बसली होती. तिचं गप्प बसणं या घरात नेहमीच होकारात धरलं जायचं. "तू समजूतदार आहेस आई, तुला पटेल," तो तेव्हा म्हणाला होता आणि आत्ताही तेच म्हणाला. समजूतदार. हा शब्द तिच्या अंगावर इतकी वर्षं होता की तो कधी काढून ठेवता येतो हेच ती विसरली होती. सासू म्हणायची, नवरा म्हणायचा, वर्कशॉपचा मुकादम म्हणायचा. आणि जो जो म्हणायचा त्याचं काम त्या दिवशी व्हायचंच. "हे बघ," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका कोरडा कसा निघतोय याचं तिलाच नवल वाटलं, "थंडी संपायच्या आत ती गाडी चालू करून मी रस्त्यावर आणली, तर मी इथेच राहणार." पलीकडून हसणं आलं, त्या हसण्यात सुटकाही होती, कारण असली पैज काय, लहान मुलाचीच. "आणि नाही आणली तर?" "तर येईन तुझ्या इस्त्रीच्या खोलीत." "आई, ती इस्त्रीची खोली नाहीये." "इस्त्रीचं टेबल आहे ना तिच्यात?" तो म्हणाला, ते काढू की आपण. त्याच्या आवाजात कुठेही खोट नव्हती, आणि तिला त्याचाच राग आला.

तर अशी सुरुवात झाली. सकाळी दहाला नवऱ्याची जुनी पँट कमरेला पट्ट्याने आवळून ती शेडमध्ये शिरायची, हीटरची कांडी लाल व्हायची वाट बघायची आणि कामाला लागायची. कामाची तिला भीती नव्हती. एकतीस वर्षं तिने चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. आधी कुरुंदाच्या जाड पुडीने, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी नमद्यावर, लोकरीच्या त्या दाबलेल्या जाड पट्टीवर, तांबड्या भुकटीचा पातळ लेप देऊन, पाण्याचे थेंब सोडत, काच नाहीशी होईपर्यंत. नाहीशी म्हणजे बघणाऱ्याला मधे काही आहे असं वाटताच कामा नये. काच दिव्यासमोर तिरकी धरली की केसाइतका चरासुद्धा तिला दिसायचा; इतरांना दिसत नसे तोही दिसायचा, आणि ती काच परत घासायला जायची. तिच्या टेबलावरून चऱ्याची काच कधी बाहेर गेली नाही, असं मुकादमाने निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं. मग यंत्रं आली, टेबलं उचलली, आणि तिला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता तिने गाडी खोलायला घेतली तीही तशीच: पांढरं कापड अंथरायचं, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर निघाला तसा ओळीने मांडायचा, शेजारी कागदावर चित्र काढायचं. कार्ब्युरेटर तिने जुन्या टूथब्रशने इतका साफ केला की तो दागिन्यासारखा दिसायला लागला. पण इंजिन जाम होतं. किकवर उभी राहिली तरी पाय हलेना. प्लगच्या भोकातून तेल सोडून ती रोज वाट बघायची, रोज किक दाबायची, रोज नन्नाचा पाढा. अकराव्या दिवशी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवून लाकडाच्या ठोकळ्याने पिस्टनवर हळूहळू ठोकलं तेव्हा तो नखभर सरकला, आणि ती त्या गार फरशीवर मटकन बसून एकटीच हसायला लागली. हातांना ग्रीसचा वास होता. हा वास नवऱ्याचा, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. तो गाडीचा होता.

सिलिंडर आतून गंजला होता. तो फडक्यात गुंडाळून ती सायकलला अडकवून मिस्त्रीकडे घेऊन गेली. मिस्त्रीचं गॅरेज जुन्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानाशी होतं; त्याच्या डोळ्यांवरचा बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा तिनेच घासलेला होता, वीस वर्षांपूर्वी, आणि तो अजून बदलत नव्हता. "ताई, तुमचं काम आहे, टिकणारच," तो म्हणायचा. सिलिंडर त्याने चष्म्याजवळ धरून बघितला, चुकचुकला, आणि आठवड्याने नव्या मापाला कापून, नव्या पिस्टनसकट, त्यावरच्या नव्या रिंगांसकट परत दिला. "अशीच बसवा. हात लावू नका." तेवढंच म्हणाला. आता यात काय सांगायचं राहिलं असं त्याला वाटलं असणार. त्याच्याकडे येणाऱ्यांतलं दुसरं कुणी सिलिंडरच्या आत बघतही नसे. पण ही घरी आली, दिव्याखाली बसली, सिलिंडर तिरका धरून तिने आत बघितलं, आणि तिच्या काळजात चर्र झालं. आत सगळे चरे. एकमेकांना छेदणारे, बारीक, वरपासून खालपर्यंत, शेकडो. नव्या कामाला असे चरे? मिस्त्रीची नजर गेली बिचाऱ्याची, ती मनात म्हणाली, आणि त्याला सांगून दुखवायचं कशाला, आपणच निस्तरू. हे असं निस्तरणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. नवरा भावाशी तावातावाने भांडून घरी यायचा, की दुसऱ्या दिवशी ही जावेला फोन करणार, हवापाण्याचं बोलणार, आणि फोन ठेवताना हळूच म्हणणार, मनावर घेऊ नका हं. मुलगा शाळेतून चिठ्ठी आणायचा, की ही बाईंना भेटून येणार, मग नवऱ्याला अर्धंच सांगणार आणि मुलाला दुसरं अर्धं. कुणाचा शब्द कुणाला लागू नये, कुणाचा आवाज वर चढू नये. नवरा काही वाईट नव्हता. मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, गाडीशी लाडात बोलायचा; हिने पाना उचलून दिला तर म्हणायचा, "राहू दे, तुला नाही कळायचं," आणि त्यातही राग नसायचा. ती पाना खाली ठेवायची. तर कपाटातून तिने तांबड्या भुकटीची जुनी डबी काढली, नमद्याची गुंडाळी केली आणि नऊ दिवस तो सिलिंडर आतून घासला. मनगट सुजलं, बोटं वाकेनाशी झाली, पण नवव्या दिवशी आत तिचा चेहरा दिसायला लागला. जरा लांबट, नळीत ओढल्यासारखा, भुवईवरच्या खुणेसकट. इतकं सुंदर काम वर्कशॉपमध्येसुद्धा झालं नव्हतं.

रविवारी मुलगा आला, सूनबाईही आली, बरोबर रिकामे खोके. "आत्ता नाही, पण आणून ठेवले," सूनबाई ओशाळून म्हणाली. ती भली पोरगी होती. तिघं शेडपाशी जमली. तिने पेट्रोल सोडलं, किक मारली. पाय भसकन खाली गेला, लोण्यात सुरी जावी तसा, आणि तिला वाटलं, वा, किती मऊ. आठव्या की नवव्या किकला इंजिन खाकरलं, थुंकलं आणि चालू झालं. तो आवाज! सूनबाईने टाळ्या वाजवल्या. आणि मग मागून धूर यायला लागला. निळा, दाट, तेलकट धूर. शेड भरली, अंगण भरलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी फटाफट खिडक्या लावल्या. तिने मूठ पिळली तर इंजिनाचा आवाज वाढायच्या ऐवजी बसत गेला. सायलेन्सरच्या टोकाशी काळं तेल जमलं आणि टपटप खाली पडायला लागलं. दोन मिनिटांत ते मेलं. पुन्हा चालू होईना. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरामुळे म्हणा. मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, झाली ना हौस? चालू तर केलीस तू! मी तर सगळ्यांना सांगणार आहे." तो खरंच कौतुकाने म्हणत होता, आणि तेच नको होतं तिला. तू हरलीस, असं तो बोलला असता तर बरं झालं असतं. हा तर तिला जिंकल्याचं बक्षीस देऊन घरी न्यायला निघाला होता. "थंडी अजून संपायचीय," ती म्हणाली. "अगं, पण—" "खोके घेऊन जा." सूनबाईने खोके उचलले. मुलगा मोटारीत जाऊन बसला, आणि जाताना त्याने हात हलवला नाही.

मिस्त्रीने सिलिंडर पुन्हा चष्म्याजवळ धरला. बराच वेळ धरला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ताई, चरे कुठे गेले?" "पुसले मी." "पुसले?" "नऊ दिवस लागले," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला समजलं की काहीतरी भयंकर चुकलंय. मिस्त्री कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. हसला नाही, हे त्याचे उपकार. "अहो, ते चरे मीच मारले होते. मुद्दाम. रिंगांना घासायला काहीतरी खरखरीत लागतं, तेव्हा कुठे त्या नीट बसतात. आणि त्या चऱ्यांत तेल थांबतं. तुम्ही आरसा केलात. आता रिंगा नुसत्या घसरतायत वरखाली, धरणार कशाला? सगळं तेल वर, धूर बाहेर, आणि जोर शून्य." तो म्हणाला, आणा इकडे, पुन्हा मारून देतो. तिने सिलिंडर सोडला नाही. "मी मारते. दाखवा." हातड्रिलला लावायची तीन दगडी पट्ट्यांची काडी त्याने काढून दिली, वरखाली कशी न्यायची ते दाखवलं आणि बाजूला झाला. तिने काडी आत घातली, आणि हात हलेना. आत तिचं तोंड दिसत होतं. एकतीस वर्षं एकही चरा राहू नये म्हणून जी बाई दिव्यासमोर डोळे फोडत बसली, तिने आता स्वतःच्या हाताने, डोळ्यांदेखत... "घाबरताय?" मिस्त्री म्हणाला. "घाबरत नाही हो. राग येतोय." "कुणाचा?" याचं उत्तर फार लांबलचक झालं असतं. रागाची नुसती रीघ लागली होती: मान वाकडी करून हसणाऱ्या त्या माणसाचा, मुलाच्या मायेचा, भिंतीवरच्या घड्याळाचा, नवऱ्याचा, होय, मेलेल्या नवऱ्याचाही, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईचा, जी पाना खाली ठेवायची. तिने ड्रिलची मूठ फिरवली. दगडाचा कर्कश आवाज आला, दात आंबले, आत लांबट चेहऱ्यावर पहिली रेघ उठली, मग दुसरी, तिला छेदणारी. वर, खाली, वर, खाली. चेहरा गेला. ती थांबली नाही. "पुरे, पुरे," मिस्त्री ओरडला, "पार खाऊन टाकाल!" मग त्याने नव्या रिंगा काढून दिल्या आणि बजावलं, "आणि एक ध्यानात ठेवा. चालू झाली की जपून, हळूहळू चालवत बसू नका. लाडाने रिंगा बसत नाहीत. चढावर न्या, दमवा तिला."

परवाना काढायला ती अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहिली. खिडकीतली बाई म्हणाली, "मुलाला स्वतः यावं लागेल." "मुलगा चाळिशीला आलाय, त्याच्याकडे परवाना आहे," हिने सांगितलं. गोदामामागच्या मैदानात मिस्त्रीच्या छोट्या गाडीवर ती तीन आठवडे आठाचे आकडे काढत राहिली. दोनदा आडवी झाली, गुडघा हिरवानिळा झाला, आणि न्हाणीघरात पडल्यावर जी लाचारी चेहऱ्यावर आली होती ती या वेळी आली नाही. परीक्षा पास झाली. गाडी जोडून झाली. थंडीचे शेवटचे दिवस होते, सकाळी अजून हातमोजे लागत. निघण्यापूर्वी तिने मुलाला फोन केला. "मी मालकांच्या ऑफिसात चाललेय. करार वाढवायला. गाडीवर." तो आधी हसला, मग थांबला. "आई, हे आता अति होतंय. तुला काही झालं तर मी काय करायचं? माझा काही विचार आहे का तुला?" त्याचा आवाज चिरकला. तो भ्यायला होता, आणि ते तिला स्पष्ट ऐकू आलं. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं: तसं नव्हे रे राजा, तू म्हणशील तसं, मनावर घेऊ नकोस हं. "मला राग आलाय," तो म्हणाला. "येऊ दे," ती म्हणाली. "आला तर आला." पलीकडून फोन बंद झाला. पूर्वी तिने दहा मिनिटांत परत लावला असता. तिने फोन कोटाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं.

किक आता मऊ नव्हती. अर्ध्यावर पाय अडला, आतून कुणीतरी उलट ढकलतंय असा, आणि तिला पूर्ण वजन टाकून तो अडसर मोडावा लागला. इंजिन एका दणक्यात चालू झालं. धूर आला, पण पांढुरका, थोडा, थंडीतला. गावाबाहेरचा चढ लागला तेव्हा गाडी धापा टाकायला लागली आणि तिला एकदम आठवलं, इथेच. याच चढावर, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, दोघांच्या वजनाने गाडी खेचेना, तेव्हा नवरा म्हणाला होता, तू उतर, चालत ये. ती उतरली होती. तो पुढे गेला होता, आणि ती दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन, नवी चप्पल चावत असताना, सबंध चढ चढली होती. वर तो कठड्याला टेकून सिगारेट ओढत उभा होता. "दमलीस?" "छे, हवा छान होती," ती म्हणाली होती. खोटं! साफ खोटं! टाचेतून रक्त येत होतं आणि त्या पिशव्या त्याच्या डोक्यात घालाव्यात असं वाटलं होतं. पस्तीस वर्षांनी, हेल्मेटच्या आत, तिला ते वाटणं जसंच्या तसं सापडलं. "मेल्या, चावत होती चप्पल!" ती मोठ्याने ओरडली, आणि तिने मूठ पिळली. मिस्त्रीने सांगितलं होतं दमवा, तर दमवली. हँडल थरथरत होतं, दात एकमेकांवर आपटत होते, मागून एक मोटार हॉर्न देत होती. ती बाजूला झाली नाही. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज बदलला. जाड झाला, भरला, आणि गाडीने तिला असं काही पुढे ओढलं की हँडल आवळून धरावं लागलं. माथ्यावर ती थांबली नाही. थांबण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मालकांच्या ऑफिसात एक कारकून होता, मफलर गुंडाळलेला. तिचं हेल्मेट बघून तो म्हणाला, पार्सल तिकडे ठेवा. तिने आपलं घर सांगितलं. त्याने फाइल काढली, दोन पानं उलटली. "पण तुमचा मुलगा तर म्हणाला, तुम्ही सोडताय." "तो त्याच्या घराबद्दल बोलला असेल," ती म्हणाली, "इथे मी राहते." कारकुनाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर उभ्या गाडीकडे, जिचं तापलेलं इंजिन अजून टिकटिकत होतं, आणि मुकाट्याने तीन वर्षांचा करार पुढे सरकवला. तिने हातमोजे काढले. बोटं गारठून लाल झाली होती आणि हँडलचा थरकाप अजून त्यांच्यातून उतरला नव्हता. पेन धरलं तर पेनही थरथरायला लागलं. तिची सही शाळेपासूनची, गोल, एकसारखी, ओळीला धरून. आता कागदावर उमटली ती पार वाकडीतिकडी, ओळ सोडून वर गेलेली, शेवटच्या अक्षरापाशी तर कागद फाटता फाटता राहिला. कारकुनाने जुना करार काढून शेजारी ठेवला आणि जीभ टाळूला लावून चक् केलं. "बाई, ही जुळत नाही. बसा जरा, हात गरम होऊ द्या, चहा सांगतो. मग निवांत नीट करा, मी दुसरा कागद देतो."

"कागद हाच राहू दे," ती म्हणाली. "जुनी खोडा. यापुढे माझी हीच."